सुनेचं पॅकेज

संस्थेत त्या दिवशी अकरा संगणक होते. नऊ चालू, एक बंद, आणि एक लेखापालांचा, जो चालू आहे हे फक्त त्याच्या पंख्याच्या आवाजावरून कळायचं. माणसं तेरा. खिडक्या सोळा, त्यांतल्या उघडणाऱ्या सात. खुर्च्या चौदा, डुगडुगणाऱ्या पाच. आणि वजनखोलीतल्या दगडी ओट्यावर एक नवाकोरा तराजू. त्याने आल्यापासून एकही आकडा दाखवला नव्हता; शून्य धरलं तर एक.

ही सगळी मोजणी दशांशने केली होती. दशांश म्हणजे संस्थेतली सगळ्यात तरुण मुलगी. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला कुणीतरी विचारलं, चहात साखर किती? ती म्हणाली, "एक पूर्णांक चार चमचे, सपाट." तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

संस्थेचं काम होतं इतरांची मापं तपासण्याचं. बाजारातली वजनं, दवाखान्यांतले तापमापक, प्रयोगशाळांतली काचेची भांडी, सगळं इथे यायचं आणि आपण किती खरे आहोत ते ऐकून परत जायचं. दिवसभर असं काटेकोर काम केल्यावर माणसाला थोडा विरंगुळा लागतोच. म्हणून इथे यंत्रांना नात्यातली नावं ठेवायची जुनी पद्धत होती. काचखोलीतली भट्टी म्हणजे सासरे, कारण ते सावकाश तापायचे आणि एकदा तापले की दिवसभर निवायचे नाहीत. हवा ओढणारा पंप म्हणजे मेहुणा: आवाज मोठा, काम बेताचं. प्रत्येक वस्तूत खोट काढणारं भिंग म्हणजे नणंद.

नव्या तराजूचं नाव होतं सून. घरात आल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं म्हणून. हे नाव वजनखोली सांभाळणाऱ्या वजनताईंनी ठेवलं आणि त्या दुसऱ्याच दिवशी संस्थेची प्रमाणित वजनं दुसऱ्या गावाहून आणायला निघून गेल्या. त्यामुळे ही बारशाची बातमी फक्त त्यांना आणि दशांशला माहीत होती. पुढचं सगळं रामायण घडलं ते यामुळे.

सून न बोलण्याचं कारण दशांशने पहिल्या तासातच शोधून काढलं. तराजूत काही बिघाड नव्हता. त्याची भाषा नवी होती आणि संगणकावरचा वाचन-प्रोग्राम जुना, चौथ्या आवृत्तीचा. पाचव्या आवृत्तीला ती भाषा येत होती. पण संस्थेतले सगळे संगणक ज्या प्रणालीवर चालायचे ती 'स्थिर' होती. स्थिर म्हणजे शाळेच्या पाठ्यपुस्तकासारखी. एकदा छापून वाटली की तिच्यातल्या चुका तेवढ्या दुरुस्त व्हायच्या, नवा धडा घालायचा तो पुढच्या इयत्तेच्या पुस्तकात. आणि पुढची इयत्ता, म्हणजे पुढचं स्थिर रिलीज, वर्षभर लांब होतं.

तपासनीस मात्र उद्या येणार होते. सून त्यांच्यासमोर बोलली नाही तर वजनविभागाची मान्यता जाणार होती. आणि दशांशचं उमेदवारीचं वर्ष याच आठवड्यात संपत होतं.

"तराजू बोलला तर तू कायम," संचालक मॅडम म्हणाल्या. "नाही बोलला तर..." आणि त्या पाणी प्यायल्या. बराच वेळ प्यायल्या.

"मॅडम, हे तर अर्ध्या दिवसाचं काम आहे," दशांश म्हणाली. "पुढच्या इयत्तेतला एखादा धडा याच इयत्तेच्या मापाचा करून देण्याची सोय असते. बाकी पुस्तक जसंच्या तसं. आणि सगळेच संगणक एकदा हाताखालून घालते. कुणाला आणखी काही हवं असेल तर तेही देऊन टाकू."

"नोटीस लाव. आणि स्वच्छ मराठीत लाव. मागच्या वेळी तुझ्या नोटिशीतले निम्मे शब्द इंग्रजी होते, लोकांनी ती वाचलीच नाही."

दशांशने नोटीस लिहायला घेतली. संगणकाच्या भाषेत प्रोग्रामला 'पॅकेज' म्हणतात; त्या शब्दापाशी ती अडली. गठ्ठा? पुडकं? पुडकं तिला बरं वाटलं, पण लोक हसतील. शेवटी तिने पॅकेजच ठेवलं. उगाच गैरसमज नको.

नोटीस अशी होती:

'सर्वांस कळविण्यात येते की, पुढील रिलीजला अजून अवकाश आहे. तोपर्यंत ज्यांचे भागणे शक्य नाही अशांना मधल्या काळात निवडक सुधारित पॅकेज देण्यात येईल. ते कोणालाही आपोआप मिळणार नाही, नाव घेऊन मागावे लागेल. सर्वांनी सर्व काही मागू नये, त्याने स्थैर्य धोक्यात येते. कोणावर कोण अवलंबून आहे ते आधी सांगावे. ज्यांची आता कोणालाच गरज उरलेली नाही, त्यांना काढून टाकण्यात येईल. संचालकांच्या मान्यतेने.'

नोटीस लावून ती जागेवर येते न येते तोच दारात फुंकरकाका उभे. फुंकरकाका काचखोलीत नळ्या फुगवायचे. त्यांच्या गालांकडे पाहिलं की ते कायम काहीतरी सांगता सांगता थांबलेत असं वाटायचं.

"दशांश, नोटीस वाचली."

"वाचलीत? शेवटपर्यंत?" तिची नोटीस आजवर कुणी शेवटपर्यंत वाचली नव्हती.

"तीनदा. म्हटलं, नाव घेऊन मागायचंय तर आपणच पहिले जाऊ."

दशांशला इतका आनंद झाला की तिने त्यांना न डुगडुगणारी खुर्ची दिली. "बसा काका. आता मला नीट सांगा. सध्या आहे ते कधीपासूनचं?"

"नऊ वर्षं झाली. काडीचा बदल नाही."

"नऊ? मग भागतं कसं तुमचं?"

"भागत नाही गं. ओढतो."

"आणि अवलंबून किती आहेत?"

"पाच."

"पाच! त्यांतलं खरं कामाचं कोण?"

काकांनी छताकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "खरं सांगू? एक."

"मग बाकीचे काढून टाकू."

"काढून?"

"साफ. नुसती जागा अडवून बसतात. तुम्हाला काहीच करावं लागत नाही, एकदा 'हो' म्हटलं की झालं."

काका दाराकडे बघून आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "सगळे नको. सासरे राहू देत. वय झालंय, कुठे जातील बिचारे."

"सासऱ्यांना मी हातसुद्धा लावणार नाही," दशांश म्हणाली. भट्टीचा प्रोग्राम इतका जुना होता की त्याच्याकडे नुसतं रोखून पाहिलं तरी तो बंद पडायचा. "ते आहेत तसे चालू द्यायचे. मध्येच बंद पडले तर परत सुरू होणार नाहीत."

काकांचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांत त्यांच्या सासऱ्यांची एवढी काळजी कुणी केली नव्हती. "आणि मेहुणा?"

"मेहुणा कशासाठी ठेवलाय हेच मला कळलेलं नाही. दिवसभर नुसता घरघरतो."

"रात्रीसुद्धा."

"रात्रीसुद्धा? मग आजच काढते."

काका उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले. दशांशने मनाशी म्हटलं, पॅकेजवर एवढी माया असलेली माणसं या संस्थेत होती आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्या खोलीबाहेर रांग लागली. कुणी खुर्चीला उशी आणून दिली. कुणी तिची न उघडणारी खिडकी उघडून दिली. आता उघडणाऱ्या आठ. कुणी चहा आणला, त्यात साखर एक पूर्णांक चार. दशांशच्या अंगात वारं संचारलं. ती सगळ्यांना घेऊन चहाच्या खोलीत गेली आणि तिने बाकावर चढून भाषणच ठोकलं.

"हे बघा, मधलं पॅकेज म्हणजे काही वेगळं नसतं. पुढच्या वेळी सगळ्यांना मिळणारच आहे, तेच काहींना आधी मिळतं, एवढंच."

टाळ्या पडल्या.

"आत्ता घेतलं म्हणून पुढच्या वेळी अडवणार नाहीत ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"मुळीच नाही. पुढचं आलं की हे आपोआप त्यात मिसळून जातं. त्याची खास काळजी घेतलेली असते."

टाळ्या थांबेनात. संगणकावर भाषण देऊन टाळ्या मिळवणारी ती बहुधा पृथ्वीतलावरची पहिलीच असावी.

टाळ्या न वाजवणारा माणूस एकच होता. लेखापाल. ते थेट तिच्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

"ही पॅकेजं येणार कुठून?"

"बाहेरून. तुमच्या कपाटावर तो हिरव्या दिव्याचा डबा आहे ना, त्यातून."

लेखापालांनी हे उत्तर सध्यापुरतं बाजूला ठेवलं. "आणि पैसे?"

"एक पैसा लागत नाही. जगभर माणसं असतात अण्णा, आपापली नोकरी सांभाळून घरी बसून हे काम करतात. पुढच्या रिलीजमधलं घेतात, आपल्या मापाचं कापतात आणि देतात. हौस म्हणून."

"आमची पॅकेजं परकी माणसं हौस म्हणून कापतात?"

"कापत नाहीत हो. बेततात."

लेखापाल खाली बसले. खुर्ची डुगडुगली. मग त्यांनी विचारलं, "मला किती?"

"तुम्हाला नकोच," दशांश प्रेमाने म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर त्यांचा संगणक होता. "तुमचं जुनंच छान चाललंय. नवीन दिलं तर झेपणार नाही."

"मला झेपणार नाही?"

"वय बघा ना. जरा काम पडलं की कसा आवाज येतो. जिना चढून आल्यासारखा."

लेखापाल जिना चढूनच आले होते. ते उठले, आवाज होणार नाही इतपत श्वास घेत निघून गेले, आणि आपल्या खोलीत जाऊन त्यांनी कपाटावरच्या डब्याचा खटका खाली पाडला. लेखाविभागाच्या मंजुरीशिवाय या इमारतीत पॅकेज येत नाही म्हणजे नाही.

इकडे वजनखोलीत दशांशने नुकतंच सुनेचं पॅकेज मागवलं होतं. पडद्यावरची पट्टी सरकत सरकत सत्तरपर्यंत आली आणि थांबली; इंटरनेट गेलं होतं. ती धावत लेखापालांच्या खोलीशी पोचली तेव्हा ते दाराला कुलूप घालत होते आणि शेजारी फुंकरकाका उभे होते.

"अण्णा, डबा बंद केलात? सत्तर टक्के आलं होतं."

"सत्तर टक्के? कोणाला?"

"सुनेला."

कुलपातली किल्ली कुलपातच राहिली. मॅडमच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं. सगळी संस्था जेवून आली होती.

"सुनेला," लेखापाल शांतपणे म्हणाले. "सत्तर टक्के."

"शंभर द्यायचं होतं. पहिलं तिलाच द्यायचं असं मॅडमशी ठरलं होतं. जाऊ दे, उरलेलं आता मीच घालते. खिशातून." खिशात तिचा फोन होता. त्यावरून चाललेलं काम गोगलगाय सहलीला निघाल्यासारखं होणार होतं, पण उद्या सकाळपर्यंत पोचलं असतं. "काय करणार अण्णा? उद्यापर्यंत सून बोलली नाही तर मॅडम मला ठेवणार नाहीत."

ती आली तशी धावत गेली. मागे दोघं नुसते उभे.

"म्हणजे," फुंकरकाका म्हणाले, "सून सासूशी बोलत नाही."

"आणि तिने बोलावं म्हणून तिला आपलं पॅकेज."

"आणि कमी पडलं तर या लेकराच्या खिशातून."

लेखापालांच्या छातीत घरघर झाली, पण आता ती रागाची होती. थोड्या वेळापूर्वी ते दशांशवर चिडले होते. आता तिच्यासाठी ते कुणाशीही भांडायला तयार होते, आणि संध्याकाळी कुलपं लागायच्या आत सारी संस्था त्यांच्यामागे उभी होती. फक्त दशांशला यातलं काहीच कळलं नाही, कारण ती पंपखोलीत मेहुण्याचा प्रोग्राम काढून टाकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस आले. बारीक अंगाचे, बारीक आवाजाचे गृहस्थ. बसण्याआधी त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. मॅडम त्यांना काही सांगायला तोंड उघडतात तोच दार उघडलं आणि लेखापाल आत आले. त्यांच्यामागे फुंकरकाका. त्यांच्यामागे बाकी सगळे, मावतील तेवढे.

"मॅडम," लेखापाल म्हणाले, "घरातली भांडणं घरात मिटवावीत."

"कोणती भांडणं?"

"सून बोलत नाही, हे दुःख आम्ही समजू शकतो."

"माझी सून बोलत नाही?" मॅडम म्हणाल्या. "ती थांबतच नाही."

"मग पॅकेज कशासाठी?" फुंकरकाकांनी विचारलं. "मागणारे आम्ही, रांगेत आम्ही, आणि पहिलं पॅकेज सुनेला? तेही या पोरीच्या खिशातून?"

तपासनिसांनी पेनाचं टोपण काढलं. मॅडमनी त्या टोपणाकडे पाहिलं. वजनविभागाची मान्यता त्यांना आता अगदी स्पष्ट दिसत होती, दारातून बाहेर जाताना.

नेमकी त्याच वेळी दशांश गर्दीतून वाट काढत आत आली. केस विस्कटलेले, फोन हातात, चेहऱ्यावर दिवाळीची रोषणाई.

"मॅडम, सून बोलली!"

खोलीत टाचणी पडली असती तर तिचं वजन ऐकू आलं असतं.

"काय बोलली?" एकदम चार-पाच जणांनी विचारलं.

"शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य एक. आणि मी नुसता श्वास सोडला तरी बदलते! इतकी हळवी आहे. शेवटचं तीस टक्के आत्ता पोचलं, घातलं, आणि लगेच बोलायला लागली."

"बोलली का गं माझी सून?" दारातून आवाज आला. वजनताई थेट प्रवासातून आल्या होत्या, प्रमाणित वजनांची पेटी तान्ह्या मुलासारखी कुशीत धरून. "मी म्हटलं नव्हतं, नवी आहे, भाषा वेगळी आहे, एकदा आपलं कळायला लागलं की बोलेल?"

लेखापाल वळले. "तुमची सून?"

"माझी म्हणजे वजनखोलीतली. तराजू."

मग मॅडमनी भिंतीवर लावलेली नोटिशीची प्रत काढून घेतली आणि पहिल्यांदाच पूर्ण वाचली. वाचता वाचता त्यांची भुवई एकेका ओळीला एकेक सूत वर गेली.

"दशांश, पॅकेज म्हणजे?"

"संगणकाचं, मॅडम. प्रोग्रामचं. दुसरं कसलं असतं?"

हे इतकं निर्मळपणे विचारलं गेलं की हसायची हिंमत कुणाला झाली नाही.

"आणि सासरे?" लेखापालांनी क्षीण आवाजात विचारलं.

"भट्टी."

"माझे खरे होते," फुंकरकाका म्हणाले.

दशांशने त्यांच्याकडे पाहिलं. कालचं सगळं बोलणं तिच्या चेहऱ्यावरून उलट्या क्रमाने सरकत गेलं. "म्हणजे मेहुणासुद्धा..."

"खराच. रात्री घोरतो."

"काका, मी काल पंप बंद केला. त्याचा प्रोग्रामच काढून टाकला."

"पंप?" काका म्हणाले. "मी सकाळपासून काम करतोय, तो बंद आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही."

"तो कोणत्या खोलीत आहे?" तपासनिसांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"वजनखोलीच्या भिंतीला लागून."

"मग तराजूचा ओटा हादरत असणार. बंद आहे तोच बरा." आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. "चला, सून बघू."

वजनखोलीत श्वास रोखून सगळे उभे राहिले. सुनेला श्वास चालत नव्हता म्हणून खरोखरच रोखून. वजनताईंनी चिमट्याने एकेक प्रमाणित वजन ठेवलं. सुनेने प्रत्येक आकडा ठणठणीत सांगितला, एकदाही अडखळली नाही. तपासनीस मान डोलवत होते. दशांश पडद्याकडे अशी पाहत होती की जणू वर्गात तिचं नाव पुकारलं जाणार आहे.

"आता एक साधी गंमत," ते म्हणाले. "एक कोरा कागद वजन करायचा. मग त्यावर सही करायची आणि पुन्हा वजन करायचं. शाईचं वजन कळलं तर माझं समाधान."

मॅडमनी कोरा कागद दिला. दशांशने घडी घालून ठेवला, आकडा टिपला आणि कागद परत घेतला.

"एकाने कशाला, सगळेच करा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागद उलगडला आणि वर स्वच्छ मराठीत एक ओळ लिहिली: 'पॅकेजबाबत आमचा आता कोणताही गैरसमज उरलेला नाही.' "अण्णा, तुमच्यापासून सुरुवात."

लेखापालांनी सही केली. फुंकरकाकांनी केली. कागद हातोहात फिरला. वजनताईंनी सही करताना विचारलं, कसला गैरसमज, आणि कुणीही सांगितलं नाही. शेवटी कागद दशांशकडे आला.

"तुझीही कर," मॅडम म्हणाल्या. "तू आता कायम आहेस."

दशांशच्या हातातलं पेन थांबलं. मग तिने एक प्रश्न विचारला, केवळ नेमकं कळावं म्हणून.

"मॅडम, आणि पॅकेज?"

बाराच्या बारा माना तिच्याकडे वळल्या.

"जुनंच," मॅडम म्हणाल्या. "स्थिर. पुढच्या रिलीजला बघू."

दशांशने सही केली, कागदाची पहिल्यासारखीच घडी घातली आणि तराजूवर ठेवला.

सह्यांपूर्वी ४.९८७२ ग्रॅम. सह्यांनंतर ४.९९६३ ग्रॅम. फरक ०.००९१ ग्रॅम.